अकरा प्रश्नचिन्हांचा कागद

एका पानाचा मजकूर. त्यात क्रियापद नाही, विशेषण नाही. मूलद्रव्यांची एक-दोन अक्षरी चिन्हे, पुढे बरोबरची खूण आणि त्यापुढे आकडा, एवढीच काय ती सामग्री. डोक्यावर मथळा आहे : ‘अणुभार आणि रासायनिक साधर्म्य यांवर आधारलेल्या मूलद्रव्य-व्यवस्थेचा प्रयत्न’. कर्ता द. मेंडेलीव्ह, गाव सेंट पीटर्सबर्ग. जुन्या रशियन कालगणनेप्रमाणे तारीख १७ फेब्रुवारी १८६९, आपल्या हिशेबाने १ मार्च. शाळेच्या भिंतीवर टांगलेली अठरा गणांची आवर्तसारणी ही या कागदाची फार पुढची, सुधारून वाढवलेली आवृत्ती. ती पाठ असलेली माणसे पुष्कळ भेटतात. मूळ कागद डोळ्यांखालून घातलेली क्वचितच. तो सावकाश, ओळीओळीला थांबत वाचण्याजोगा आहे. भिंतीवरच्या तक्त्यात निष्कर्ष मिळतो. त्या निष्कर्षापर्यंत पोचताना विचार कुठे अडखळला, कुठे अडून बसला आणि कुठे चुकला, हे या पानावरच दिसते.

हे पान जन्माला आले ते पाठ्यपुस्तकाच्या गरजेतून. पस्तीस वर्षांचे मेंडेलीव्ह सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवत होते आणि विद्यार्थ्यांसाठी ‘रसायनशास्त्राची मूलतत्त्वे’ हा ग्रंथ लिहीत होते. पहिला खंड क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन या हॅलोजन कुटुंबापाशी आला. दुसऱ्याची सुरुवात सोडियम-पोटॅशियम या अल्क धातूंनी करायची होती. पण त्यांच्यानंतर कोण? तेव्हा त्रेसष्ट मूलद्रव्ये ठाऊक होती आणि त्यांना ओळीत उभे करण्याचा सर्वमान्य नियम नव्हता. एक मोठी सोय मात्र झालेली होती. १८६०च्या कार्ल्सरूहे परिषदेत इटलीच्या कॅनिझारोने अणुभार ठरवण्याची सुसंगत रीत मांडली होती आणि त्या परिषदेला मेंडेलीव्ह हजर होते. भरवशाचे आकडे हाती आल्याशिवाय आकड्यांची रांग लावता येत नाही.

पानावर जी तारीख आहे त्या दिवशी मेंडेलीव्हना चीज बनवणाऱ्या सहकारी दुग्धशाळा पाहायला गावाबाहेर जायचे होते. त्या संबंधात आलेल्या पत्राच्या कागदावरच त्यांनी आकडेमोड केली, आणि प्रवास लांबणीवर पडला. सारणी स्वप्नात दिसल्याची गोष्ट ऐकायला बरी वाटते. पण हाताने लिहिलेला मसुदा उपलब्ध आहे आणि त्यातली खाडाखोड जागेपणीच्या मेहनतीची साक्ष देते. मेंडेलीव्ह दौऱ्यावर असल्याने रशियन केमिकल सोसायटीपुढे या सारणीवरचा निबंध त्यांचे सहकारी मेन्शुत्किन यांनी मांडला.

आता पान वाचू. पहिला धक्का रचनेचा बसतो. आज आपण कुटुंबे उभी वाचतो. इथे ती आडवी आहेत, आणि अणुभार वरून खाली वाढत जातो. मधल्या भागातल्या दोन ओळी घ्या. एकीत फ्लोरिन १९, क्लोरीन ३५.५, ब्रोमीन ८०, आयोडीन १२७. तिच्या लगेच खाली सोडियम २३, पोटॅशियम ३९, रुबिडियम ८५.४, सीझियम १३३. वर खाऊन टाकणारे, झोंबणारे अधातू. खाली पाण्यात पडताच पेट घेणारे मऊ धातू. स्वभावाने दोन टोके. तरीही वरच्या आणि खालच्या आकड्यांतला फरक पाहा : ४, ३.५, ५.४, ६. प्रत्येक वेळी लहानसाच. विरुद्ध स्वभावाची दोन कुटुंबे वजनाने कायम एकमेकांच्या शेजारी येतात, आणि दर वेळी अधातू संपला की लगेच अल्क धातू सुरू होतो. सगळ्या सारणीचे बीज या दोन ओळींत आहे. वजन वाढत जाते तसे गुण बदलत जातात, आणि काही अंतराने पुन्हा पहिल्या गुणावर येतात. आवर्त म्हणजे हेच.

या पानाची खरी खुमारी मात्र त्याच्या प्रश्नचिन्हांत आहे. ती एकूण अकरा आहेत आणि त्यांच्या जागा पाहिल्या तर तीन तऱ्हा दिसतात. काही ठिकाणी प्रश्नचिन्ह आकड्यानंतर येते : टेल्युरियम १२८?, सोने १९७?, बिस्मथ २१०?, थोरियम ११८?. मूलद्रव्य माहीत आहे, संशय त्याच्या वजनावर आहे. काही ठिकाणी ते चिन्हाच्या आधी येते : ?अर्बियम ५६, ?यट्रियम ६०, ?इंडियम ७५.६. इथे मूलद्रव्याला दिलेली जागाच कर्त्याला पटलेली नाही. आणि चार ठिकाणी चिन्हच नाही, नुसते प्रश्नचिन्ह आणि आकडा : ?=४५, ?=६८, ?=७०, ?=१८०. म्हणजे इतक्या वजनाचे कोणीतरी असले पाहिजे, अजून सापडलेले नाही. एकाच खुणेने तीन वेगळ्या शंका, आणि त्या कळाव्यात म्हणून फक्त तिची जागा बदललेली. लेखनातली ही काटकसर दाद देण्यासारखी आहे.

मथळ्यात दोन आधार सांगितले आहेत, अणुभार आणि साधर्म्य. हे दोघे या खटल्यातले साक्षीदार. बहुतेक ठिकाणी दोघांची जबानी जुळते. पान रंगते ते जिथे ती जुळत नाही तिथे.

पहिली जागा टेल्युरियम आणि आयोडीन यांची. वजनाप्रमाणे आयोडीन १२७ आधी आणि टेल्युरियम १२८ नंतर यायला हवे. तसे केले तर आयोडीन ऑक्सिजन-गंधक-सेलेनियमच्या ओळीत जाऊन बसते आणि टेल्युरियम क्लोरीन-ब्रोमीनच्या. रसायनशास्त्राचा विद्यार्थीसुद्धा हे मान्य करणार नाही. मेंडेलीव्हनी साधर्म्याचा शब्द मानला, क्रम उलटवला आणि टेल्युरियमच्या वजनापुढे प्रश्नचिन्ह टाकले. निबंधाच्या निष्कर्षांत तर त्यांनी लिहिले की टेल्युरियमचा अणुभार १२८ असू शकत नाही, तो १२३ ते १२६ या दरम्यान हवा. यात गंमत अशी की जागा अचूक ठरली आणि कारण साफ चुकले. टेल्युरियमचा अणुभार आजही १२७.६० आहे आणि आयोडीनचा १२६.९०. आकडा खोटा नव्हता. क्रम लावायला तो पुरेसा नव्हता.

हे उकलायला १९१३ साल उजाडले. हेन्री मोस्ली या तरुण इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने मूलद्रव्यांचे क्ष-किरण वर्णपट मोजले आणि दाखवले की क्रम ठरतो तो अणुकेंद्रकातल्या धनप्रभारावरून, म्हणजे अणुअंकावरून. टेल्युरियम ५२, आयोडीन ५३. वजन वेगवेगळ्या समस्थानिकांच्या सरासरीतून येते, म्हणून ते कधीमधी क्रमाला दगा देते. मोस्ली दोन वर्षांनी गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला, वय सत्तावीस.

दुसरी जागा उजवीकडच्या शेवटच्या स्तंभात आहे, आणि तिथला निकाल अगदी उलट लागतो. वरून खाली वाचा : प्लॅटिनम १९७.४, इरिडियम १९८, ऑस्मियम १९९, पारा २००; मग सोने १९७?, बिस्मथ २१०?; आणि मग थॅलियम २०४, शिसे २०७. आकडे चढता चढता मागे-पुढे होतात. असे का झाले? पारा तांबे-चांदीच्या ओळीत बसवला आहे, कारण त्याचे एक क्लोराइड चांदीच्या क्लोराइडसारखे पाण्यात विरघळत नाही. थॅलियम अल्क धातूंच्या ओळीत आहे, कारण त्याचे क्षार पोटॅशियमच्या क्षारांची आठवण करून देतात. शिसे बेरियमशेजारी आहे, कारण दोघांची सल्फेटे अविद्राव्य. सोने ॲल्युमिनियमच्या ओळीत, दोघेही तीन क्लोरीन अणूंशी जोडी जमवतात म्हणून. साधर्म्याची जबानी इथे खोटी नाही, पण अर्धवट आहे. एखाद्या गुणातले साम्य म्हणजे नाते नव्हे.

मेंडेलीव्ह या स्तंभापाशी थांबले नाहीत. १८७१ मध्ये त्यांनी सारणी नव्याने मांडली. कुटुंबे उभी केली, प्रत्येक स्तंभाच्या माथ्यावर त्या कुटुंबाच्या सर्वोच्च ऑक्साइडचे सूत्र लिहिले, आणि शेवटच्या रांगेची फेररचना केली. सोने तांबे-चांदीकडे गेले, पारा जस्त-कॅडमियमकडे, थॅलियम ॲल्युमिनियमच्या कुटुंबात, शिसे कथिलाशेजारी. ऑस्मियम, इरिडियम, प्लॅटिनम हा क्रमही सुलटा झाला. आता वजने वाचली तर सोने, पारा, थॅलियम, शिसे, बिस्मथ सरळ चढत जातात. टेल्युरियमच्या वेळी आकडा फसवत होता, इथे साधर्म्य फसवत होते. कोणत्या वेळी कोणाची उलटतपासणी करायची, हे ओळखण्यात मेंडेलीव्हचे मोठेपण आहे. स्वतःचेच दोन वर्षांपूर्वीचे पान त्यांनी याच निर्दयपणे तपासले.

युरेनियमची कथा तशीच. १८६९च्या पानावर ते ११६ वजन घेऊन ॲल्युमिनियमच्या ओळीत बसले आहे आणि त्यापुढे प्रश्नचिन्हसुद्धा नाही. १८७१ मध्ये त्याचे वजन थेट २४० झाले. इंडियम ७५.६ वरून ११३ वर गेले. नवे काही वजन केले नव्हते. अणुभार काढताना त्या मूलद्रव्याची संयुजा किती धरायची यावर उत्तर अवलंबून असे. जागा ओळखली की संयुजा कळते आणि संयुजा सुधारली की वजन सुधारते. प्रयोगातून सारणी घडली होती. आता सारणीच प्रयोगाचे उत्तर दुरुस्त करू लागली.

त्या चार रिकाम्या जागांचे पुढे काय झाले? १८७१ मध्ये मेंडेलीव्हनी त्यांपैकी तिघांना तात्पुरती नावे दिली. त्यासाठी संस्कृतातला ‘एक’ उचलला : एका-बोरॉन, एका-ॲल्युमिनियम, एका-सिलिकॉन. नुसती नावे देऊन ते थांबले नाहीत. घनता, ऑक्साइडचे सूत्र, क्लोराइडचा उत्कलनांक असे तपशील बेधडक लिहून टाकले. १८७५ मध्ये फ्रान्सच्या लकॉक द ब्वाबोद्रां यांना गॅलियम, म्हणजे एका-ॲल्युमिनियम, सापडले. त्यांनी मोजलेली घनता होती ४.७. मेंडेलीव्हनी कळवले की ती ५.९च्या आसपास हवी, नमुना नीट शुद्ध करून पाहा. ब्वाबोद्रांनी पुन्हा मोजली, ५.९ भरली. ज्याने धातू हातात घेतला त्यापेक्षा ज्याने तो कधी पाहिलाच नव्हता त्याला त्याची घनता जास्त नेमकी माहीत होती. १८७९ मध्ये स्वीडनच्या निल्सनना स्कँडियम मिळाले, म्हणजे ?=४५ ची जागा भरली. १८८६ मध्ये जर्मनीत फ्रायबर्गच्या विंक्लरनी जर्मेनियम वेगळे केले. एका-सिलिकॉनसाठी भाकीत होते अणुभार ७२, घनता ५.५, विंक्लरना मिळाले ७२.३ आणि ५.४७. क्लोराइडचा उत्कलनांक शंभराच्या आत असेल असे लिहिले होते. तो ८६ अंश निघाला.

या यशाचे पडसाद आपल्याकडेही उमटले. प्रफुल्लचंद्र रे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भारतीय खनिजे तपासत होते ती याच आशेने, की मेंडेलीव्हच्या सारणीतली एखादी रिकामी जागा भरता येईल.

चौथी जागा ?=१८० मात्र रिकामीच राहिली. ती भरायला चोपन्न वर्षे लागली. १९२३ मध्ये कोपनहेगनला कोस्टर आणि हेवेशी यांना हाफ्नियम सापडले, तेही मोस्लीच्या क्ष-किरण पद्धतीने. अणुभार १७८.५. इतका उशीर का, याचे उत्तर आवर्ती कलांतच आहे. एखाद्या गणात खाली जाऊ तसे इलेक्ट्रॉनांचे कवच वाढते, म्हणून अणू मोठा होत जातो. त्या न्यायाने हाफ्नियमचा अणू झिर्कोनियमपेक्षा चांगला मोठा हवा. पण दोघांच्या मध्ये लँथॅनमपासूनची चौदा-पंधरा मूलद्रव्ये येतात. त्या वाटेवर केंद्रकाचा प्रभार वाढत जातो आणि भरणारे इलेक्ट्रॉन आतल्या कवचात जाऊन त्याला नीट झाकत नाहीत, त्यामुळे अणू आवळत जातो. हाफ्नियमपर्यंत येईतो झिर्कोनियमइतकाच होतो. आकार तोच, संयुजा तीच. म्हणून झिर्कोनियमच्या खनिजांत हाफ्नियम मुकाट लपून होते आणि साध्या रासायनिक रीतींना दाद देत नव्हते.

कल म्हटले की विद्यार्थी बाण पाठ करतात : डावीकडून उजवीकडे त्रिज्या घटते, इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा वाढते. बाण खोटे नाहीत, पण रस बाण जिथे वाकतात तिथे आहे. तिसरे आवर्त पाहा. सोडियमच्या अणूची त्रिज्या १८६ पिकोमीटर, क्लोरीनची ९९. कवच तेच, केंद्रकाचा प्रभार मात्र ११ वरून १७ वर गेलेला, म्हणून ओढ वाढली. पहिला इलेक्ट्रॉन सोडवायला एका मोलमागे लागणारी ऊर्जा किलोज्यूलमध्ये अशी : सोडियम ४९६, मॅग्नेशियम ७३८, ॲल्युमिनियम ५७८, सिलिकॉन ७८७, फॉस्फरस १०१२, गंधक १०००, क्लोरीन १२५१, आरगॉन १५२१. चढण आहे, पण ॲल्युमिनियमपाशी ती घसरते आणि गंधकापाशी किंचित अडखळते. ॲल्युमिनियमचा शेवटचा इलेक्ट्रॉन नव्या, जास्त ऊर्जेच्या उपकवचात गेलेला असतो, म्हणून तो लवकर सुटतो. फॉस्फरसचे त्या उपकवचातले तीन इलेक्ट्रॉन तीन कक्षिकांत एकेकटे असतात. गंधकाच्या चौथ्याला कोणाच्या तरी जोडीला जावे लागते आणि परस्परांच्या प्रतिकर्षणामुळे त्याला बाहेर काढणे सोपे जाते. या दोन घसरणींत अणूची आतली घडण उघडी पडते. इलेक्ट्रॉनचा शोधच १८९७चा. १८६९ मध्ये यातले काहीही ठाऊक असणे शक्य नव्हते. तरीही गुणांची लय कागदावर उमटली होती.

ही लय शाळेच्या प्रयोगशाळेतही दिसते. मॅग्नेशियमची फीत डोळे दिपवीत जळते; उरलेली पांढरी राख पाण्यात ढवळली तर तांबडा लिटमस निळा होतो. त्याच टेबलावर गंधक जाळला, धूर ओल्या निळ्या लिटमसवर धरला, की तो तांबडा. मधल्या ॲल्युमिनियमचे ऑक्साइड आम्लातही विरघळते आणि अल्कातही. डावीकडे आम्लारी, उजवीकडे आम्ल, मधे दोन्हींना जागा देणारा. १८७१ मध्ये मेंडेलीव्हनी स्तंभांच्या माथी ऑक्साइडांची सूत्रे लिहिली, त्यामागे असेच निरीक्षण होते.

रसग्रहणात मर्यादाही सांगाव्या लागतात. डिडिमियम ९५ ही नोंद पाहा. तिला प्रश्नचिन्ह नाही. १८८५ मध्ये ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाख यांनी दाखवले की ते एक मूलद्रव्य नव्हतेच, प्रेसिओडिमियम आणि निओडिमियम असे दोन होते. पानाचा खालचा कोपरा, जिथे सीरियम, लँथॅनम, यट्रियम दाटीवाटीने बसले आहेत, तो शेवटपर्यंत मेंडेलीव्हच्या आटोक्यात आला नाही. त्यांनी वर्तवलेली सगळीच मूलद्रव्ये सापडली असेही नाही. हायड्रोजनहून हलक्या मूलद्रव्याची त्यांची कल्पना फोल ठरली. आणि एक अख्खे कुटुंब त्यांच्या नजरेतून सुटले. १८९४ मध्ये रॅले आणि रॅमसे यांना आरगॉन सापडला, तेव्हा मेंडेलीव्हना तो नायट्रोजनच्या तीन अणूंचा रेणू असावा असे वाटले. पुढे निऑन, क्रिप्टॉन, झेनॉनही आले आणि शंका मिटली. त्यांना बसायला जागा कुठे मिळाली? हॅलोजन आणि अल्क धातू यांच्या बरोबर मध्ये. ज्या ४, ३.५, ५.४, ६ या फरकांवरून सारणीचा विचार सुरू झाला, त्या फटीतच हे कुटुंब राहत होते. सारणीला धक्का बसला नाही, ती एका स्तंभाने रुंद झाली.

मेंडेलीव्ह एकटे नव्हते, हेही नोंदवायला हवे. डोबेरायनरची त्रिके, म्हणजे सारख्या गुणांच्या मूलद्रव्यांचे तीन-तीनचे गट, १८२९ची. जर्मनीच्या लोथार मायरने १८७० मध्ये अणूंच्या आकारमानाचा जो आलेख छापला, त्यात आवर्तिता मेंडेलीव्हच्या आकड्यांपेक्षाही डोळ्यांना लवकर दिसते. लंडनच्या न्यूलँड्सने १८६५ मध्ये अष्टकांचा नियम मांडला. दर आठव्या मूलद्रव्याला पहिल्याचा स्वभाव परत येतो, हे त्याने ओळखले होते. दुसऱ्याच वर्षी भर सभेत त्याला विचारले गेले, मूलद्रव्ये अकारविल्हे लावून पाहिली का? टोमणा क्रूर होता, पण न्यूलँड्सची अडचण खरी होती. आठाचा हिशेब साधावा म्हणून त्याने काही घरांत दोन-दोन मूलद्रव्ये कोंबली. मेंडेलीव्हनी हिशेब चुकला तिथे घर रिकामे ठेवले आणि रिकाम्या घराची जबाबदारी घेतली.

म्हणून माझे मत असे की १८६९चे पान हा आवर्तसारणीचा कच्चा खर्डा मानून बाजूला ठेवण्याची वस्तू नाही. आजचा ११८ मूलद्रव्यांचा तक्ता अधिक बरोबर आहे, पूर्ण आहे, आणि म्हणूनच काहीसा मुका आहे. त्यात शंका उरलेली नाही. विज्ञान शिकवणाऱ्यांना एक विनंती करावीशी वाटते. दहावीच्या वर्गात ‘मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण’ सुरू कराल, तेव्हा नवा तक्ता उघडण्याआधी हे जुने पान मुलांच्या हातात द्या. त्यातली अकरा प्रश्नचिन्हे शोधायला सांगा, आणि प्रत्येकाचे पुढे काय झाले ते त्यांनाच हुडकू द्या. गण आणि आवर्त नंतर त्यांना सांगावे लागणार नाहीत.